नऊ बोटांची गाडी

"काय मापून राहिले काकाजी? गाडी घ्याची हाय का?"

मागून वीरेंद्रचा आवाज आला तेव्हा गुणवंता सौंसरच्या टॅक्सी स्टँडवर, जावयाच्या गाडीपुढे उकिडवा बसला होता. हातात सुतळी, सुतळीला जागोजाग गाठी. जावई रोशन चहाला गेला होता, तेवढ्यात काम उरकायचं होतं. आणि हा बाप्पा कुठून टपकला! वीरेंद्र रोशनचा जोडीदार, त्याची गाडी शेजारीच उभी असते.

"घेतो कायची बाबू, अशीच पाहून राहिलो. रोशनले सांगू नोको."

सांगू नको म्हटलं की ते सांगायचंच असतं, एवढी समज वीरेंद्रला देवाने दिलेली होती. संध्याकाळपर्यंत साऱ्या स्टँडवर झालं, रोशनचा सासरा धोंड्याला गाडी देऊन राहिला.

आता गुणवंता कोण, तर पांढुर्ण्यात संत्र्याच्या पेट्या ठोकणारा. जन्म त्यातच गेला. फळ्या जोडायच्या, खिळे मारायचे, पेटी पुढे सरकवायची. संत्री दूरच्या शहरात जातात, लोक संत्री खातात आणि पेटी चुलीत घालतात. हात सोन्यासारखा असून त्याच्या हातचं काहीच कोणी कधी घरात ठेवून घेतलं नव्हतं. तो तसं बोलून दाखवत नसे, पण मनाला लागायचं.

यंदा अधिकाचा महिना आला. म्हणजे लेक-जावयाला धोंड्याचं जेवण, अनारसे आणि वाण. बायको वत्सला कपडे, चांदीचा दिवा असं काहीबाही बोलत होती. गुणवंता मनात म्हणाला, कपडे तर कोणीही देतो. रोशन दिवसभर जिला पुसत असतो, तीच गाडी लाकडात करून द्यावी. खऱ्या गाडीच्या एका हाताला लाकडात एक बोट असं माप धरलं आणि गाडी नऊ बोटं लांब निघाली. पेटीची चांगली फळी निवडून कोरली. दिव्यांना वत्सलाच्या चंदेरी टिकल्या लावल्या, काचांना मिठाईच्या डब्याचं झाकण कापलं. दारंसुद्धा उघडत होती. अंगाला पांढराशुभ्र रंग दिला.

राहिली नंबराची पाटी. रोशन मालकाची गाडी भाड्याने चालवायचा, म्हणून तिची पाटी पिवळी. घरच्या गाडीची असते पांढरी. गुणवंता ब्रश धरून थोडा वेळ बसला. देवाच्या महिन्यात देतोय, तर स्वतःच्या गाडीचाच आशीर्वाद द्यावा, अर्धा कशाला? त्याने पाटी पांढरी रंगवली आणि स्वतःवरच खूश झाला.

धोंड्याची जेवणं झाली. लेक प्रणाली अनारशांचा डबा बांधत होती. गुणवंताने फडक्याखालून गाडी काढून जावयापुढे ठेवली.

"घ्या जवाईबापू. तुमची गाडी."

रोशनने गाडीकडे पाहिलं. मग पाटीकडे पाहिलं. कानापर्यंत लाल झाला.

"छान हाय मामाजी," एवढं म्हणून त्याने गाडी पिशवीत टाकली आणि उन्हं उतरायच्या आधीच लेक-जावई निघाले.

दार लावलं तशी वत्सला कडाडली. "अजी, तुमाले अक्कल कवा येईन? लग्नात त्याइच्या काकानं गाडीचा विषय काढला होता, तवा तुमी मान खाली घातली. विसरले? आता खेळण्यातली गाडी देऊन वरून पांढरी पाटी! आहेर होय का टोमणा होय तो?"

 लग्नातली गोष्ट गुणवंताच्या ध्यानातही नव्हती. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती! आपल्या हौसेपायी पोरीच्या संसारात काडी पडते की काय, या भीतीने त्याचं पेट्यांवरचं ध्यान उडालं. हातोडी बोटावर बसायला लागली.

काही दिवसांनी सौंसरच्या बसच्या कंडक्टरने अनारशांचा डबा आणून दिला. डबा रिकामा परत करू नये म्हणतात. वत्सलाने झाकण काढलं. आत साखर नव्हती, लोणचं नव्हतं. गाडी होती.

तेवढ्यात प्रणालीचा फोन. "बाबा, राग नोका मानू. स्टँडवर सारे चिडवून राहिले त्याइले. खरी गाडी येणार मनून पेढे मांगत होते ना! आता घरात गाडी दिसली का त्याइचं डोकं फिरते. रातच्याले जेवले बी नाही."

"बरं," गुणवंता म्हणाला.

वत्सला डोळे पुसायला लागली. गुणवंताने गाडी उचलली, दारं उघडून पाहिली, कुठे टवका उडाला नव्हता. मग पिवळ्या रंगाचा डबा शोधायला गेला.

दुसऱ्या दिवशी तो स्टँडवर उतरला तेव्हा वीरेंद्र हसला. "काकाजी, आज कोनाची मापता?"

गुणवंताने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. रोशन गाडीची काच पुसत होता, त्याच्यापुढे त्याने पिशवी धरली.

"चूक माह्यी झाली जवाईबापू. गाडी हाय तशी बनवाले पायजे होती. मी आपल्या मनानं पाटी रंगवली. आता हाय तशी केली."

रोशनने गाडी काढली. पिवळी पाटी, वर त्याच्याच गाडीचा नंबर, अक्षरं मुंगीएवढी. त्याने तिचं इवलंसं दार उघडून पाहिलं.

"मामाजी, मी वापस पाठवली त्याचं तुमाले वाईट वाटलं असन."

"वाटलं ना. काहून नाही वाटणार?"

 तेवढ्यात बॅगा घेऊन गिऱ्हाईक आलं. नागपूरला जायचं होतं, घाई होती. "जा, जा," गुणवंता म्हणाला, "भाडं नोका सोडू."

रोशनने बॅगा टाकल्या, स्टिअरिंगवर बसला आणि हातातली गाडी समोर काचेपाशी ठेवली.

"ये क्या रखा है भैया?" गिऱ्हाइकाने विचारलं.

"गाड़ी है साहब," रोशन म्हणाला, जरा मोठ्यानेच, वीरेंद्रला ऐकू जाईल असा. "ससुरजी ने बनाकर दी है."

टॅक्सी नागपूरच्या रस्त्याला लागली. गुणवंता पांढुर्ण्याच्या बसमध्ये जाऊन बसला. तिकिटाला हात पुढे केला तर कंडक्टर म्हणाला, "कोनाची हळद होती काय काकाजी? अंगठा पिवळा झाला."

"रंग हाय," गुणवंता म्हणाला, आणि खिडकीतून बाहेर पाहायला लागला.