आठवीतली चिठ्ठी

मनीषनगरच्या एका शाळेत मेघा गजभिये आठवीला विज्ञान शिकवायची. जुलैत आरोग्याच्या तासाला तिनं मुलांना सांगितलं, "जे तोंडानं विचारता येत नाही ते चिठ्ठीवर लिहा. नाव टाकू नका."

चौथी चिठ्ठी तिनं मोठ्यानं वाचली. 'एड्सवाल्या माणसाच्या ताटात जेवलं तर आपल्याले होते का? त्याले हात लावला तर?'

मागच्या बाकावर हशा पिकला. उत्तर मेघाला पाठ होतं. पण आदल्याच आठवड्यात पाळीचा धडा शिकवला म्हणून एक पालक भांडून गेले होते आणि मुख्याध्यापक कृष्णकांत सरांनी बजावलं होतं, "पुस्तकात आहे तेवढंच, मॅडम."

"हे पुढच्या वर्गात येईल," असं म्हणून तिनं पाचवी चिठ्ठी उघडली.

डिसेंबरात त्याच वर्गातली गार्गी बारा दिवस शाळेत आली नाही. फोन कोणी उचलेना, म्हणून मेघा घरी गेली. दार गार्गीच्या आजीनं, यमुताईंनी उघडलं.

"सून गेली मॅडम. निमोनिया झाला होता."

गार्गी आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. आजी चहा ठेवायला गेल्यावर ती हळूच म्हणाली, "निमोनिया नंतर झाला. पहिले बाबांले तो आजार होता, ते गेले, मग आईले निघाला. माझी तपासणी केली, मले नाही." मग म्हणाली, "ती चिठ्ठी माझी होती."

मेघा तिच्याजवळ खाली बसली.

"आजीनं आईचं ताट वेगळं केलं होतं. मी जेवण दारातूनच सरकवायची. ती रोज म्हणायची, जवळ बस नं वं थोडी. मी नाही बसली. पाच महिने." तिनं वर पाहिलं. "होते का, मॅडम?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण या पोरीला आता तरी खरं सांगायलाच हवं होतं.

"नाही. ताटानं होत नाही. हात लावल्यानं, मिठी मारल्यानंही नाही."

"म्हणजे मी बसू शकत होती?"

"हो. मला माहीत होतं, गार्गी. मी घाबरले. चूक माझी आहे, तुझी नाही."

गार्गी रडली नाही. दारात यमुताई चहाचा कप घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. कप तिथंच जमिनीवर ठेवून त्या खाली बसल्या आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

सोमवारी मेघानं कोणाचं नाव न घेता आठवीला सगळं सविस्तर सांगितलं. या वेळी कोणी हसलं नाही. दुपारी कृष्णकांत सरांनी तिच्या हातात नोटीस ठेवली. तिनं सही केली.

गार्गीला मामानं बुटीबोरीला नेलं. मेघानं दोनदा फोन केला. दोन्ही वेळा मामाच बोलले, "ती तुमच्याशी बोलत नाही म्हणते."