तागूच्या नावावरची टेकडी

तागूला टेकडी मिळाली. झऱ्यासकट, काजूच्या झाडांसकट, हिरव्या सरकारी कागदावर, गोल शिक्क्यानिशी. तर, असं काहीही घडलेलं नाही. प्राइ तांबुरी गावात सगळे तसंच धरून चालतात आणि आजवर कुणाचं काही अडलेलं नाही. आपणही तसंच धरू, आणि खरोखरच काही घडलं नव्हतं त्या दिवसापासून सुरुवात करू.

मंगळवार होता. बायका ओसरीवर माग लावून बसल्या होत्या, डुकरं ओसरीखाली होती, आणि गावचा सचिव उंबू मेहा जिल्ह्याच्या गावी ‘समानता’ या विषयावरच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला गेला होता, जेवणासकट. मेहा तागूच्या धन्यांचा मुलगा, शिकलेला, सव्वीस वर्षांचा. तो गावात असता तर पुढचा घोटाळा झालाच नसता, एवढं श्रेय त्याला द्यायला हवं.

मोजणीचा कारकून मोटरसायकलवरून आला. जावाहून नुकताच बदलून आलेला. त्यानं टेकडीकडे बोट केलं.

“ही कुणाची?”

“तागूच्या धन्यांची,” मागावरची म्हातारी म्हणाली.

“धन्यांचं नाव?”

म्हातारीनं पान चघळलं. शेजारणीनं सूत तपासलं.

“अहो, नाव असेल ना त्यांना?”

“असेल की. मोठ्या माणसांना असतंच.”

“मग सांगा ना.”

“तुम्ही डुक्कर भरणार का?”

कारकुनाला कळेना. धन्याचं नाव तोंडातून निघालं की दंड एक डुक्कर. म्हणून सुंबा बेटावरच्या रीतीप्रमाणे गाव धन्याला त्याच्या गुलामाच्या नावानं ओळखत आलं. तागूचे धनी आले, तागूचे धनी जेवले. घाईत असलं तर नुसतंच ‘तागू’. खरं नाव इतकं जपून ठेवलेलं की खुद्द धनीणबाईंनाही ते खात्रीनं आठवत नव्हतं.

“आम्ही आपलं तागूच म्हणतो,” म्हातारी म्हणाली. “लिहा तागू.”

“आणि हा तागू कुठं असतो?”

“तुमची फीत धरून उभा आहे.”

पन्नाशीचा तागू फितीचं टोक धरून उन्हात उभा होता. त्याच्याकडे ओळखपत्रही होतं, कारण निवडणुकीत मतपत्रिकेवर धनी सांगतील त्या चित्रावर खिळा टोचायला ते लागतं. कारकुनानं नंबर उतरवून घेतला, फोटो काढला आणि निघून गेला.

तीन महिन्यांनी गावच्या सभागृहात कागद वाटले. जमीन कार्यालयाच्या साहेबांनी “तागू!” असं पुकारलं तेव्हा धनी उठले. मागोमाग तागूही उठला, धन्यांचा कागद धरायला. साहेबांनी फोटो पाहिला आणि कागद धरणाऱ्याशी हात मिळवला. टाळ्या वाजल्या. मग एकदम थांबल्या.

“दुरुस्त कर,” घरी आल्यावर धनी मेहाला म्हणाले. “त्याचं नाव मी वापरतो, ठीक आहे. त्यानं माझी टेकडी वापरायची म्हणजे फारच लाड झाले.”

“करतो, आबा.”

तागूनं हक्क सोडल्याचा कागद मेहानं लिहिला. अक्षर त्याचं छान. त्याच आठवड्यात, त्याच अक्षरात, त्यानं बहिणीबरोबर सासरी पाठवायच्या वस्तूंची यादीही केली होती: विणलेली वस्त्रं, पोवळ्यांच्या माळा, हस्तिदंती कांकणं, हावुला, डुकरं. हावुला ही तागूची मुलगी, सतरा वर्षांची. धन्यांची लेक सासरी निघाली की तिच्यासोबत घरातलं एक माणूस द्यायचं असतं. लेक सणावाराला माहेरी येते, दिलेलं माणूस येत नाही. नगांच्या रकान्यात मेहानं तिच्यापुढे ‘एक’ लिहिलं होतं.

हावुलानं कॉफी आणून ठेवली.

“धाकले मालक, यादीत मी डुकरांच्या आधी की नंतर?”

“आधी.”

“चला, म्हणजे बढती झाली.”

मेहा हसला. आपण हसलो हे मागाहून त्याच्या लक्षात आलं, तेव्हा तो खाली मान घालून साखर ढवळू लागला. कॉफी बिनसाखरेची होती.

मग तागू अंगठा द्यायला आला आणि ओसरीच्या पायरीशी बसला. वर बसायची त्याला सवय नव्हती.

“धाकले मालक, अंगठा उठेपर्यंत टेकडी माझीच का?”

“कागदोपत्री, हो.”

“मग जरा जाऊन येतो.”

दोन तासांनी परत आला.

“काय करत होतास इतका वेळ?”

“धन्यांचा घोडा माझ्या काजूत शिरला होता. मालक म्हणून मी ओरडलो, कुणाचा रे हा घोडा, राखणारा कुठं मेला? आता राखणारा मीच. मग माफी मागितली.” तागू अगदी गंभीर होता. “केली माफ. मालक बरा आहे.”

मेहानं शाईची डबी पुढे सरकवली. तागूनं अंगठा बुडवला आणि हवेतच धरला.

“टेकडी नको मला. हावुलाचं नाव खोडा. तेवढं करा, मग दोन्ही अंगठे घ्या.”

आयुष्यात तागूनं कुणाकडे काही मागण्याची ही पहिलीच वेळ होती, त्यामुळे त्याला ते नीट जमलं नाही. त्यानं अंगठा मागे घ्यायला हवा होता. कागद त्याच्या नावावर होता. लेकीचा हात धरून टेकडीवर झोपडं बांधलं असतं तर धन्यांना बोट लावता आलं नसतं. हे तागूला ठाऊक नव्हतं. मेहाला होतं, प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी, जेवणाआधी, शिकवलं होतं.

“शब्द देतो,” मेहा म्हणाला.

“मग झालंच,” म्हणून तागूनं अंगठा उठवला.

मेहानंही नाव खोडलं. आपल्याकडच्या प्रतीत, पेन्सिलीनं.

लग्नाच्या दिवशी अंगणात ट्रक उभा राहिला. वराकडचा म्हातारा यादी वाचू लागला, तीच, शाईची. वस्त्रं चढली, माळा-कांकणांची पेटी चढली.

“हावुला?”

मेहानं रात्रभर घोकलेलं वाक्य जिभेवर होतं. तो एक पाऊल पुढे आला. धन्यांनी वळून पाहिलं.

“काय रे? काही राहिलं का?”

अंगणात सगळे मेहाकडे बघू लागले. बहीण बघत होती, व्याही बघत होते, आणि ओसरीवरची म्हातारी तर पान चघळायचं थांबली होती.

“डुकरांच्या दोऱ्या तपासा,” मेहा म्हणाला. “पुढं घाट आहे.”

सांगितल्याबरोबर तागू दोऱ्या तपासायला लागला. त्यानं मान वर करून मेहाकडे पाहिलं असतं तर मेहाला सोपं गेलं असतं. तो गाठी ओढून बघत राहिला, एकेक, दोनदा. हावुला बोचकं घेऊन वर चढली.

“धाकले मालक,” ती वरून म्हणाली, “खोडलेल्या माणसानं कुठं बसायचं असतं हो?”

कुणी हसलं नाही. तिनं डुकरांशेजारी जागा केली. ट्रक गेला.

लग्नाला चार दिवस झाले. पाचव्या दिवशी भर दुपारी तो ओसरीवर कागद घेऊन बसला. अर्जात मिळकतदाराचं नाव लागतं. त्यानं ते लिहिलं, आणि शुद्धलेखन तपासावं तसं मोठ्यानं वाचलं. “उंबू दिलू.” सगळे माग थांबले.

“डुक्कर भर,” आतून आवाज आला.

“भरतो, आबा,” मेहा म्हणाला आणि लिहीत राहिला.

‘प्रति, प्रमुख, जमीन कार्यालय. विषय: दुरुस्ती रद्द करून मूळ चूक कायम करण्याबाबत. महोदय, वरील टेकडी मोजणीच्या वेळी तागू यांच्या नावे लागली होती. ती चूक असल्याचं मी आपणास कळवलं, ते खोटं होतं. उंबू दिलू यांचं नाव गावात कुणीच घेत नसल्यानं टेकडी त्यांची आहे अशी शपथ कुणीही घेऊ शकणार नाही. अंगठा मी फसवून घेतला आहे. तसेच सोबतच्या यादीतील चौथी नोंद वस्तू नसून व्यक्ती आहे. ती नोंद माझ्या हस्ताक्षरात आहे. तरी कार्यालयानं कृपया आपली पहिली चूक पुन्हा करावी, आणि सदर व्यक्तीला गाडीभाडं देऊन तिच्या वडिलांच्या टेकडीवर परत पोचवावं, ही नम्र विनंती.’