शेरे नसलेली डायरी

पुस्तकं बांधणाऱ्या बाईचा हात असा सफाईदार, की तिने बदललेलं पान शोधायची कुणाची टाप नव्हती. मुलीच्या शाळेच्या डायऱ्या तिने जपून ठेवल्या होत्या. आज डॉक्टरीणबाई त्या एकेक चाळत होत्या आणि ती समोर जीव मुठीत धरून बसली होती.

मुलगी एकोणतीस वर्षांची. तिसरी नोकरी नुकतीच गेलेली. डोकं तल्लख, पण हातातलं काम अर्ध्यावर टाकून दुसरंच धरायची, तारखा विसरायची आणि मग स्वतःलाच शिव्या घालायची. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा विकार, असेल तर निदान औषध तरी मिळेल, एवढ्या एका आशेवर ती आली होती.

"याच्या खुणा बाराव्या वर्षाआधी दिसायला हव्यात," डॉक्टर म्हणाल्या. "इथे तर एकही तक्रार नाही. 'छान', 'प्रगती चांगली', बस्स."

"म्हणजे लहानपणी मी ठीकच होते," मुलगी आईकडे वळली. "आजार-बिजार काही नाही. माझाच आळस, दुसरं काय!"

आईला मात्र काढून टाकलेल्या पानांवरचे शेरे तोंडपाठ होते.

'जागेवर बसत नाही', 'लक्ष नाही', 'वही पुन्हा हरवली'. आठवड्याला दोन तरी शेरे ठरलेले. बाप शनिवारी डायरी तपासायचा आणि शेरा दिसला की पट्टा काढायचा. म्हणून ही शेऱ्याखाली सही करायची, शाळेत दाखवून झालं की शुक्रवारी टाके उसवायची, ते पान त्याच कागदाच्या दुसऱ्या अर्ध्या पानासकट काढायची आणि जास्तीच्या डायरीतलं तसंच कोरं जोडपान घालून पुन्हा शिवायची. "बाईंचा राग गेला गं, त्यांनीच पान काढलं," असं लेकीला सांगायची. पोरीचा मार वाचला. पण पान गेलं म्हणजे खोडही गेली, असं या शहाणीने स्वतःलाही पटवून टाकलं.

"मी काढली ती पानं," ती म्हणाली, आणि रडत रडत सगळं सांगून मोकळी झाली.

डॉक्टरांनी लिहून घेतलं. "बरं झालं सांगितलंत. याचा खूप उपयोग होईल."

आईने सुटकेचा श्वास टाकला. मुलीने मात्र समोरची डायरी मिटली.

"मी सात वर्षांची असल्यापासून तुला माहीत होतं," ती हळूच म्हणाली. "पहिली नोकरी गेली तेव्हा मी विचारलं होतं, आई, मी आधीपासून अशीच होते का गं? तू काय म्हणाली होतीस, आठवतंय?"

आईला शब्दन्‌शब्द आठवत होतं. 'नव्हतीस. आता बिघडलीस,' असं म्हणाली होती ती.