इर्याची सुरी

आमच्या गावच्या शिकारी टोळीत असूनही मी कधी बंदूक हातात धरली नाही. मूस या घोड्याएवढ्या हरणाच्या शिकारीच्या मोसमात झोपडीतली चूल पेटती ठेवायची आणि सगळ्यांना कॉफी नि वाटाण्याचं सूप द्यायचं, एवढंच माझं काम. शिकारीला इर्या जायची, माझी बायको. पडलेलं जनावर सोलायचं कामही तिचंच. टोळीचा म्होरक्या रेयो म्हणायचा, बंदूक कोणीही चालवेल, कातडं मात्र इर्यानंच काढावं.

तिच्या सुरीची मूठ मी केली होती. बर्च झाडाच्या सालीच्या चकत्या एकावर एक घट्ट दाबून, मग तासून. ही मूठ गारठलेल्या, रक्ताळलेल्या हातातूनही निसटत नाही. इर्या डावखुरी होती. वर्षानुवर्षं धरून तिच्या अंगठ्याखाली त्या मुठीला खळगा पडला होता.

गेल्या वर्षीच्या मोसमात शेवटचा मूस सोलून झाल्यावर ती उलट्या बादलीवर बसली आणि पाठ फार दुखतेय म्हणाली. तिथूनच आम्ही इस्पितळात गेलो. मार्चमध्ये ती वारली. एरवी ती सुरी पुसून, म्यानाबाहेर चुलीजवळ ठेवायची. त्या दिवशी तशीच म्यानात गेली. मी म्यानासकट तिचा कमरपट्टा घरी खिळ्याला अडकवला आणि परत हात लावला नाही. तिनं ठेवली तशीच राहू दे, असं मला वाटायचं.

यंदा पहिला मूस पडला तेव्हा रेयोचा फोन आला. सोलायला हेइनी आहे, येताना सुरी घेऊन ये म्हणाला. हेइनी ही इर्याच्या बहिणीची मुलगी, तिच्याच हाताखाली शिकलेली. रेयोच्या मनात काय आहे ते मला कळलं. सुरी मी नेली, पण द्यायची नाही असं ठरवूनच.

जनावर सोलायच्या शेडमध्ये सगळे सुऱ्यांना धार लावत बसले होते. रेयोनं दरवर्षीप्रमाणे सांगितलं की त्याची सुरी त्याच्या बापानं जुन्या कानशीपासून केली. टोळीतला पेन्ती आपली रेनडिअरच्या शिंगाची मूठ दाखवायला लागला. रेयो म्हणाला, ते शिंग तुझ्या हाती जाणार हे कळलं असतं, तर त्या जनावरानं डोक्यावरून गाळलंच नसतं. सगळे हसले. मग सगळ्यांची नजर माझ्या कमरेच्या सुरीकडे गेली.

"काका, मी वापरू?" हेइनीनं विचारलं.

मी नाही म्हणालो. रेयो म्हणाला, बरं, निदान बाहेर काढून बघू तरी दे.

सुरी निघेना. शेवटी त्यानं म्यान धरलं आणि मी मूठ ओढली. पातं तपकिरी झालं होतं. ओल्या चामड्यानं ते खाल्लं होतं. गंजात गेल्या वर्षीच्या मूसचे केस चिकटले होते. ओली सुरी म्यानात ठेवू नये हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

"मावशीनं तुम्हाला आज झोपडीबाहेर जेवायला बसवलं असतं," हेइनी म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

तिनं धारेचा दगड घेतला, पण लगेच घासायला लागली नाही. माझ्याकडे बघत थांबली. त्या केसांना शेवटचा हात इर्याचा लागला होता. ते गेले की गेले. नाही घासलं तर सुरीच जाणार होती. मी मानेनंच हो म्हटलं.

पात्यावर खड्डे राहिले, पण धार आली. हेइनीनं मूस त्याच सुरीनं सोलायला घेतला. मागच्या पायांपर्यंत येईतो ती सारखी पकड बदलत होती. कॉफी देताना मी तिचा उजवा तळवा पाहिला. अंगठ्याच्या बुडाशी कातडी निघाली होती.

"दे ती मला, दुसरी घे," मी म्हणालो.

"मुठीत मावशीचा हात आहे, काका. माझा कुठे ठेवू?"

घरी येऊन मी मुठीच्या टोकाचं, चकत्या दाबून धरणारं रिव्हेट कापलं. मला वाटलं होतं, इतक्या वर्षांत चकत्या एकजीव झाल्या असतील, मूठ अख्खी निघेल. पातं हेइनीला देईन, मूठ मला राहील. पण चकत्या नुसत्या दाबानं बसलेल्या होत्या. एकेक सुटत गेली, काही हातातच तुटल्या. मी त्या टेबलावर परत रचून पाहिल्या. खळगा काही जुळेना.

दुसऱ्या दिवशी हेइनी आली. मी वर्तमानपत्र पसरलं, तिनं त्यावर उजवा हात ठेवला आणि मी भोवतीनं पेन्सिल फिरवायला लागलो.

"गुदगुल्या होतायत, आटपा लवकर."

हात हलवू नकोस, मी तिला सांगितलं. तिचा पंजा इर्याच्या पंज्यापेक्षा चांगलाच मोठा होता. हेइनी घरी गेल्यावर मी माळ्यावरची सुकी साल काढली आणि नव्या चकत्या कापायला बसलो.