हातपट्टीतली माया

आमच्या घरात कपडा वाढत्या अंगाचाच येतो. नियम माझा आहे आणि तो मोडायची कुणाची टाप नाही. तीस वर्षं मी कारखान्यात शाळेचे गणवेश शिवले. शिकले म्हणाल तर चौथी, तीही अर्धी. पण पोराच्या खांद्यावरून नजर फिरवली की वर्षभरात ते किती बोटं वाढेल हे सांगायचे, आणि चुकायचे नाही. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड दाबून ठेवतात त्याला आम्ही माया म्हणतो. पोर वाढलं की शिवण उसवायची, माया सोडायची, झगा पुन्हा अंगाला बसतो. ज्यात माया नाही तो कपडा नव्हे, चिंधी.

नात अकरा वर्षांची. चालत म्हणून कुठे जात नाही, उड्या मारत जाते, म्हणून तिला नाकतोडी म्हणतो. ती जिम्नॅस्टिक्सच्या संघात निवडली गेली आणि घरात यादी आली. संघाचा चमचमता, अंगाला घट्ट बसणारा लिओटार्ड, वरचा सूट, पाठीवरची बॅग, केसांची रिबीनसुद्धा त्यांचीच. शेवटी हातपट्ट्या. किमती वाचताना मला चष्मा दोनदा पुसावा लागला.

“अगं, वीतभर कापड आहे,” मी सुनेला म्हटलं. “माझ्या उशीला अभ्रासुद्धा व्हायचा नाही यात. सोन्याच्या तारेने शिवतात का?”

“आई, संघाचा नियम आहे. सगळ्यांचं सारखं लागतं. नाहीतर गुण कापतात.”

“गुण नाही, खिसा कापतात.”

लिओटार्ड मी एक माप मोठा आणला आणि दोन्ही कुशींत माया ठेवून असा बसवला की सरावाला आलेल्या आया पोरीला उलटी करून शिवण बघत होत्या. कुठून आत घेतलाय ते एकीला सापडेना. त्या दिवसापासून सरावाच्या हॉलबाहेरच्या बाकावर माझा शब्द चालायला लागला. शिकवणाऱ्या मॅडमना ते आवडलं नाही. त्यांच्या गळ्यात सदा शिट्टी असते, म्हणून मी त्यांना शिट्टीच म्हणते. पाठीमागे, अर्थात.

हातपट्टी म्हणजे चामड्याची पट्टी, पोरी तिला ग्रिप म्हणतात. वर दोन बोटांना भोकं, बोटांच्या मुळाशी एक बारीक गोल काडी, खाली मनगटाला बक्कल. पोरी ती चढवून दांड्याला लटकतात. नाकतोडीची जुनी अजून चालत होती, पण एक जोड शिलकीला हवा म्हणून सुनेने तिचा हात मोजला आणि चिठ्ठीवर नंबर लिहिला, एक. दुकानात मी गेले. वाटेत एक खोडला आणि दोन केला. सुनेला बोलले नाही. चार महिन्यांत हात वाढणार, मग पुन्हा तेवढेच पैसे ओतायचे? पुढच्या सरावाला बाकावर शेजारी बेकरीवाली होती. तिची मुलगी नाकतोडीच्याच संघात.

“काकू, तुम्ही कितीची घेतली?”

“एक नंबर मोठी. तूही तशीच घे ग बाई. पोर वाढणार आहे, चामडं नाही.”

“सैल नाही व्हायची?”

“बक्कलाला एक भोक जास्त पाडू. माझ्याकडे आरी आहे.”

तिच्या पट्टीला भोक मीच पाडलं. तिने माझे आभार मानले. हे झालं दोन महिन्यांपूर्वी.

स्पर्धेच्या दिवशी मुलगा ट्रक घेऊन बाहेरगावी, सुनेची दवाखान्यात कामाची पाळी. मी एकटीच नाकतोडीबरोबर गेले. हॉल एवढा मोठा की पलीकडची माणसं बोटाएवढी दिसत होती. खाली गाद्या, उडीचा घोडा, अरुंद तुळई, आणि मध्ये ते दोन दांडे, एक खाली, एक वर. सगळीकडे पांढऱ्या पावडरीचा धूर. पालकांना वर गॅलरीत बसवलं होतं. शिट्टीने आधीच दम भरला होता, “वरून एक शब्द नको. कुणी खाली उतरलं तर मुलीचे गुण जातील.” हे बोलताना ती माझ्याकडेच बघत होती.

सकाळी हातपाय मोकळे करताना नाकतोडीची जुनी पट्टी भोकापाशी फाटली. शिट्टी कागदांवर सह्या करायला टेबलाशी गेली होती. पोर रडवेली होऊन जिना चढून माझ्याकडे आली.

“आजी, आता?”

मी पिशवीतून नवी जोडी काढली. माझी छाती अशी फुगली होती म्हणता! “रडतेस काय? आजी आहे ना.” पट्टी मनगटाला हलत होती. आरी जवळच होती. तिथेच मी बक्कलाला भोक पाडलं आणि घट्ट आवळलं. “आता बघ. हलते का?”

“मनगटाला नाही हलत. पण हातात फुगते जरा.”

“नवी आहे. बसेल.”

ती उड्या मारत गेली.

तिचा संघ घोड्यावरच्या उड्यांना लागला तेव्हा शेजारच्या खुर्चीत एक पोरगी येऊन बसली. दुसऱ्या क्लबचा सूट अंगात, उजवा हात कोपरापासून बोटांच्या मुळापर्यंत प्लास्टरमध्ये. प्लास्टरवर मैत्रिणींनी फुलं काढली होती. मला गप्प बसवत नाही.

“काय ग, झाडावरून पडलीस?”

“नाही आजी. बारवर झालं.”

“हात सुटला?”

“सुटला असता तर बरं झालं असतं,” ती म्हणाली. “सुटलाच नाही.”

मला कळलं नाही. तिने डाव्या हाताची मूठ केली आणि प्लास्टरमधून बाहेर आलेल्या बोटांभोवती धरली. “हा दांडा. ग्रिप मोठी होती ना, तर हातात चामडं जास्त झालं. मोठा झोका घेताना त्याची घडी पडली आणि दांड्याभोवती वेढा बसला. हात तिथेच अडकला. मी नाही थांबले. मी फिरले.”

बसची वेळ सांगावी तशी सांगत होती.

“दोन्ही हाडं गेली. सरांनी आधी दांड्यावरून हात सोडवला. तोपर्यंत मी ओरडलेसुद्धा नव्हते.”

“किती मोठी होती ग?” मी विचारलं.

“एकच नंबर. ताईची होती. आईने जपून ठेवलेली.”

“आणि मनगट घट्ट बांधलं असतं तर?”

तिने माझ्याकडे बघितलं, लहान पोराकडे बघतात तसं. “घट्टच होतं. म्हणून तर हात बाहेर आला नाही.”

मी खाली बघितलं. उड्या संपल्या होत्या. संघाच्या चार मुली ओळीने दांड्यांकडे चालल्या होत्या आणि तिसरी माझी होती. पावडरीच्या भांड्यात हात घालून ती दोन्ही तळवे एकमेकांवर चोळत होती. एवढ्या लांबून मला काही दिसत नव्हतं, पण मी बघत होते. तो बारीकसा हात. लहानपणी मी त्याची नखं कापायचे, दाताने कुरतडून, कात्रीची भीती वाटायची म्हणून.

मी उठले. माझे गुडघे दोन पायऱ्यांना एकदा कुरकुरतात. त्या दिवशी जिना कसा उतरले ते गुडघ्यांनाच माहीत.  आणि आता खरं लिहिते. त्या जिन्यात मला बेकरीवालीची मुलगी आठवली. तिची पट्टीही मोठी, आणि दोन महिने वापरून मऊ पडलेली. ओळीत ती दुसरी होती. आठवली, आणि मी मनाशी ठरवलं की आधी आपली बाहेर काढू. शिट्टीला सांगू की पट्टी फाटली. नंबराचं कशाला काढायचं? बाकावरच्या सगळ्या आयांसमोर माझं काय राहील? हे सगळं तेवढ्या जिन्यात ठरवून झालं होतं.

दारावर दंडाला पट्टा बांधलेली बाई उभी होती.

“पास?”

“पास कुठली, मी चौथीत नापास आहे! सोड मला, नातीच्या हाताचा प्रश्न आहे.”

“आजी, पालकांना आत सोडत नाहीत.”

“मग तू जा! तू जाऊन तिला थांबव! जाशील?”

माझ्या तोंडाकडे बघून तिने हात बाजूला घेतला.

पहिली मुलगी उतरून ओळीत परतत होती. शिट्टीने मला गादीच्या कडेला बघितलं आणि तिचा चेहरा लाल झाला. “आजी, मी काय सांगितलं होतं? बाहेर व्हा!”

“मॅडम, हिच्या पट्ट्या काढा.”

“काय?”

“काढा आधी. फाटल्यात.”

नाकतोडी म्हणाली, “जुन्या फाटल्यात ग, या नव्या आहेत.” शिट्टीने तिचा हात ओढून घेतला, तळव्यावरचं चामडं चिमटीत धरलं. ते असं वर आलं, पावाच्या तुकड्याएवढं. तिने बक्कल एवढ्या घाईने सोडलं की पोरीच्या मनगटावर ओरखडा उठला. दोन्ही पट्ट्या तिने माझ्या हातात कोंबल्या.

“हा नंबर कुणी घेतला?”

मी पट्ट्या पदराआड घेतल्या. पोर सुटली होती. श्वास आत गेला. एक क्षणभर, देवाशपथ, मला फक्त सुटल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात दांडा करकरला. बेकरीवालीची मुलगी लटकली होती. पहिला झोका छोटा, दुसरा जरा मोठा. ती वरच्या दांड्यावर गेली. शिट्टीची पाठ तिच्याकडे होती, ती अजून माझ्याकडे बघत होती. मी त्या मुलीच्या हातांकडे बघत होते. झोका मागे गेला की तळव्याखालून चामड्याचा फुगा वर यायचा, पुढे आला की आत जायचा. शिवणीत झोल आलेला मला कोसावरून दिसतो. तिने पाय वर घेतले, उभ्याने पूर्ण फेरा मारायचा म्हणून.

“तिला उतरवा!” मी ओरडले. कारखान्यात तीस मशिनींवरून ऐकू जायचा तो आवाज. “तिचीपण मोठी आहे! मीच घ्यायला लावली! मीच!”

सगळा हॉल वळला. शिट्टी वळताना घसरली, गुडघ्यावर गेली, उठली आणि पोर खाली येत असताना तिच्या कमरेला दोन्ही हातांनी मिठी मारली. दोघी गादीवर आपटल्या. मी हाडाचा आवाज ऐकायला कान लावून उभी होते. नुसतं रडणं ऐकू आलं. साधं, घाबरलेलं रडणं. हात दोन्ही हलत होते. मी मोजले, एक, दोन.

परीक्षकांनी मान खाली घालून कागदावर लिहिलं. त्या पोरीचा खेळ तिथेच संपला.

बेकरीवाली दारावरच्या बाईला ढकलून आत आली; वर तिला नुसता आरडाओरडा कळला होता. “माझ्या पोरीला कुणी उतरवलं? काय चुकलं तिचं?”

शिट्टीने माझ्याकडे बोट केलं नाही. नुसतं वाट बघत राहिली. हिशेबाने बघाल तर तिचा उपकारच.

“मी,” मी म्हटलं. “पट्टी मोठी आहे. त्यात हात मोडतो. मला माहीत नव्हतं.”

“मी दोनदा म्हटलं होतं ग्रिप सैल दिसते,” शिट्टी तिला म्हणाली.

“तेव्हा कशी टाकणार, नवी कोरी होती,” बेकरीवाली म्हणाली. तिने मुलीची पट्टी काढली आणि आत दोन बोटं घातली. दोन्ही मावली. ती शिव्या देईल म्हणून मी तयार होते, मला शिव्या परतवता येतात. पण ती एवढंच म्हणाली, “काकू, मला यातलं काय कळतंय? तुम्ही सांगितलंत म्हणून घेतली.”

 

लाऊडस्पीकरवर नाकतोडीचं नाव पुकारलं. शिट्टी तिच्यासमोर खाली बसली. “उघड्या हाताने जायचं असेल तर जा. मोठे फेरे सगळे गाळायचे. गुण कमी मिळतील. नाही गेलीस तरी मी रागावणार नाही.”

पोरीने पावडरीने पांढरे झालेले तळवे माझ्यापुढे धरले. जन्मल्यापासून तिची हीच सवय. चड्डीच्या नाडीपासून परीक्षेच्या पेनापर्यंत सगळं आधी मला दाखवते.

“आजी, जाऊ ना?”

माझ्या जिभेवर हो होतं. नाहीही होतं. माझी जीभ कधी अडत नाही, आमच्या गल्लीत विचारा.

“मला नको विचारू,” मी म्हटलं. “मॅडमना विचार.”

तिला ते समजलं नाही. माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने शिट्टीकडे मान वळवली, शिट्टीने हळूच मान हलवली, आणि ती गेली.

मला कुणी बाहेर काढलं नाही, मी तिथेच गादीच्या कडेला उभी राहिले. ती लटकली. खांदे, पाय, गुण, मी काही बघितलं नाही. दर झोक्याला तेवढंच बघत होते, की हात दांड्यावर फिरतोय ना. फिरत होता. पुढचा झोका आला. फिरत होता.