नाथाजींची वाकडी यादी

सांगलीच्या त्या छोट्या ऑफिसात नव्याण्णव साली एक्सएमएल नावाचं खूळ आणलं ते कोरेगावच्या दीक्षानं. पंपांच्या माहितीपुस्तकाचं सगळं काम मालक लालासाहेबांनी तिच्या हवाली केलं होतं. ऑपरेटरांनी नुसता मजकूर टाइप करायचा आणि त्याला 'यादी', 'परिच्छेद' अशा खुणा, म्हणजे टॅग, लावायचे. कुठल्या ओळीनं किती आत बसायचं ते स्टाईलशीट नावाची वेगळी फाईल ठरवणार. ती फाईल दीक्षानं स्वतः लिहिली होती आणि तिला तिचा जरा जास्तच अभिमान होता.

ऐन वेळी याद्यांनी घात केला. पंप उघडायच्या पायऱ्या तरुण ऑपरेटर कुणालच्या प्रकरणांत एका रेषेत, आणि नाथाजींच्या प्रकरणांत दुप्पट आत घुसलेल्या. नाथाजी पलूसचे, फौजेत कारकुनी करून निवृत्त झालेले. बॅकस्पेस बडवून त्यांचं बोट दुखलं, पण ओळ ढिम्म हलेना.

"नाथाजीराव, तुमच्यानं ह्ये व्हायचं न्हाई," लालासाहेब म्हणाले. "संध्याकाळी गिऱ्हाईक येतंय. उद्यापास्नं तुमी घरीच थांबा."

 नाथाजींनी चष्मा काढून डबीत ठेवला. दीक्षा ते बघत होती. सांगितल्या शब्दाबाहेर न जाणारा हा माणूस चुकलाच कसा?

तिनं दोघांची प्रकरणं शेजारीशेजारी उघडली आणि टॅग पाहिले. कुणालनं पायऱ्यांचा मजकूर यादीत तसाच कोंबला होता. नाथाजींनी मात्र तिच्याच सूचनेबरहुकूम प्रत्येक पायरीचा मजकूर परिच्छेदात बसवला होता. आणि तिच्या फाईलीत प्रत्येक परिच्छेद आत सरकवायचा नियम होता. म्हणजे यादी एकदा आत, परिच्छेद पुन्हा आत. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथं अंगणच वाकडं होतं, आणि ते सारवलं होतं तिनंच.

गुपचूप दुरुस्ती केली असती तर तिची लाज राहिली असती, आणि नाथाजींची गेली असती. ती उठली. "साहेब, जरा इकडं या. नाथाजीकाका, तुमीबी या."

सगळ्यांदेखत तिनं एक ओळ लिहिली: यादीतल्या परिच्छेदाला डावीकडून शून्य जागा. फाईल सेव्ह केली, प्रकरण पुन्हा उघडलं. पायऱ्या एका रेषेत आल्या होत्या. पुढचं पान सरळ, त्याच्या पुढचंही सरळ. शेवटच्या पानापर्यंत एकही ओळ बाहेर नव्हती. दीक्षाला इतका आनंद झाला की टेबलावर थाप मारावीशी वाटली.

"चूक माझी हुती, साहेब. सांगितल्यापरमानं काम फकस्त काकांनी केलंय."

"मग कुणालचं?"

"आता सरळ दिसतंय, पर गिऱ्हाइकाला परतेक पायरी परिच्छेदातच पायजे, न्हाईतर परत पाठवंल. काकांगत करावं लागंल."

लालासाहेबांनी खाली बघत मान खाजवली, मग स्वतःची खुर्ची नाथाजींपुढं सरकवली. "बसा नाथाजीराव. माझं लय चुकलं."

नाथाजींनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. त्या खुर्चीत ते बसले नाहीत. ती उचलून त्यांनी कुणालच्या शेजारी मांडली.

"घे रं गड्या, पयल्या पायरीपास्नं सुरू कर."