आईवर भरलेली अकरा कार्डं

मंडळी, घरातलं एखादं माणूस रोज ठरल्या वेळी बाहेर पडायला लागलं आणि कुठे जातं ते धड सांगेनासं झालं, की आपल्या डोक्यात संशयाचा किडा वळवळायला लागतो. कार्डमास्तरांच्या डोक्यात तर त्यानं संसारच थाटला.

कार्डमास्तर शब्दकोशाच्या कार्यालयात नोकरीला होते. इंग्रजी शब्द घ्यायचा, त्याचे आपल्या भाषेतले अर्थ गोळा करायचे आणि जाड कार्डांवर उतरवायचे, हे त्यांचं काम. तिथला नियम कडक. कुणाच्या मनात आलं म्हणून अर्थ ठरत नसे. माणसं तो शब्द कशी वापरतात ते ऐकायचं. कोण, कुठे, किती वाजता, आधी काय झालं, नंतर काय झालं ते लिहायचं. आणि अशी तीन कार्डं जमली तरच अर्थ पक्का. बावीस वर्षांत ही सवय हाडीमाशी खिळली होती. स्वतःच्या लग्नात त्यांनी ‘होकार’ या शब्दाची दोन कार्डं भरली आणि तिसऱ्यासाठी नवरीला पुन्हा एकदा ‘हो’ म्हणायला लावलं, असं कार्यालयात शपथेवर सांगतात.

त्या दिवसांत त्यांच्या टेबलावर ‘फ्रेंड’ हा शब्द होता. मित्र, दोस्त, सोबती, सवंगडी, स्नेही, जिवलग अशी रांग लागली होती. नेमकी तेव्हाच खालच्या मजल्यावरची शिवणकाम करणारी बाई जिन्यात आडवी आली. तोंडातल्या टाचण्या न काढताच म्हणाली, “मास्तर, तुमच्या आईंना हल्ली छान सोबत मिळालीय हं. रोज साडेचारला, बागेत.” टाचण्या तिच्या तोंडात होत्या, टोचल्या मास्तरांना.

आई सदुसष्टची. वडील जाऊन सहा वर्षं झालेली. मास्तरांनी त्या संध्याकाळी तिला आडून विचारलं, तर चप्पल शोधत ती म्हणाली, “फ्रेंडकडे जाते,” आणि गेलीसुद्धा.

बायकोनं सुचवलं, सरळ विचारा ना कोण ते. पण सरळ विचारील तो कोशवाला कसला? दुसऱ्या दिवशी मास्तर अर्धी रजा टाकून बागेतल्या कारंज्यामागे उभे राहिले. बाकावर आईशेजारी एक म्हातारे गृहस्थ. चौकशीत कळलं, की मोठ्या रस्त्यावरचे चष्मेवाले. बायको वारलेली, दुकान आता मुलगा बघतो. मास्तरांनी खिशातून कोरं कार्ड काढलं, हाताच्या सवयीनं माथ्यावर ‘फ्रेंड’ असं लिहिलं आणि खाली पुराव्याला सुरुवात केली.

पंधरा दिवसांत अकरा कार्डं झाली. रजा संपत आली, कारंज्याच्या तुषारांनी सर्दी झाली, पण खात्री पटली. रविवारचं तिकीट काढून त्यांनी आईला सांगितलं, की थोडे दिवस ताईकडे राहून ये. ताईचं गाव आगगाडीनं एका दिवसाच्या अंतरावर.

“थोडे म्हणजे किती?” आईनं विचारलं.

“बघू.”

 आई उठून बॅग काढायला गेली आणि दाराच्या चौकटीला खांदा आपटून पुढे गेली. मास्तरांना वाटलं, रागावली.

आणि मग शुक्रवारी घोटाळा झाला. दर शुक्रवारी कारकूनबाई सगळ्यांच्या टेबलांवरची कार्डं माथ्यावरचा शब्द बघून गोळा करत आणि संपादकबाईंकडे नेत. माथ्यावर ‘फ्रेंड’ असलेलं प्रत्येक कार्ड गेलं. त्या दिवशी खिशातून काढून टेबलावर ठेवलेली मास्तरांची अकराही गेली!

दुपारी बोलावणं आलं. संपादकबाई सत्तरीच्या पुढच्या. चुकीचा अर्थ त्यांना नुसत्या वासानं कळतो अशी ख्याती. समोर अकरा कार्डं पत्त्यांसारखी मांडलेली.

“बसा,” त्या म्हणाल्या. “पुरावा सुरेख आहे. वाचू?”

मास्तरांचे कान तापले. बाई वाचू लागल्या.

“पहिलं. बाकावर दोघं, मध्ये दीड वीत अंतर. चौथं. आई मोठ्यांदा हसली, घरी असं हसल्याची नोंद नाही. सहावं. चहा ओतताना आईचा हात चुकून चहा कपाबाहेर सांडला. त्यांनी तिचा हात धरून कपावर आणला. ‘हात धरला’च्या खाली दोन रेघा. नववं. दोघं दवाखान्याच्या रांगेत, आई बाहेर आली तेव्हा डोळे पुसत होती, ते शेजारी गप्प बसून राहिले.” बाईंनी चष्मा काढला. “दवाखाना कसला होता?”

“डोळ्यांचा,” मास्तर म्हणाले. स्वतःच्याच तोंडून तो शब्द त्यांनी पहिल्यांदा ऐकला. कार्डावर त्यांनी वेळ लिहिली होती, रांगेतला नंबर लिहिला होता. पाटी वाचली होती, पण मनात ‘दोघं’ एवढंच उतरलं होतं.

“तुमच्या आईला दिसत नाहीये, मास्तर. घरात कुणाला कळलं?”

मास्तरांना दाराची चौकट आठवली. मग बशीत सांडलेला रोजचा चहा, उलटी घातलेली चप्पल.

“सोबती वाटेपुरता असतो,” बाई शांतपणे म्हणाल्या. “सवंगडी खेळापुरता. स्नेही मंडळींना आपण कार्याला बोलावतो. आणि आपलं काय बिघडलंय हे आपण न सांगता ज्याला दिसतं, त्याला काय म्हणायचं ते या अकरा कार्डांत लिहिलंय. तुमच्या मनात जो अर्थ आहे, त्याचं एक तरी कार्ड दाखवा. इथे बाई आणि पुरुष म्हटलं की तुम्ही पुराव्याआधीच निकाल लिहून मोकळे! बावीस वर्षं काय शिकलात?”

मास्तर उठले ते थेट बागेत गेले. या खेपेला कारंज्याच्या पुढून. बाकासमोर उभं राहून त्यांनी कारंजं, कार्डं, सगळं कबूल केलं.

आईनं आवाजाच्या दिशेनं मान वळवली. मग म्हणाली, “पंधरा दिवस तू वीस पावलांवर होतास. एकदा येऊन बसला असतास तर?”

“आई, तू मला का नाही सांगितलंस?”

“तुझ्याशी बोलायचं म्हणजे साक्षीपुरावा लागतो रे. यांना नुसतं सांगता येतं.”

चष्मेवाले खोकले. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, उजवाही मागे नाही, असं त्यांनी सांगितलं. शस्त्रक्रिया सोमवारी ठरली होती, आणि रविवारचं तिकीट आल्यापासून आईनं त्यांच्याशीही धड बोलणं सोडलं होतं. “तुम्ही ओरडाल याची भीती नव्हती त्यांना,” ते म्हणाले. “लोकांच्या बोलण्यानं तुम्ही मान खाली घालून फिराल याची होती.”

तिकीट रद्द झालं. सोमवारी दवाखान्यात परिचारिकेनं बजावलं, की पेशंटबरोबर आत एकच माणूस थांबेल. मास्तर पुढे सरसावले, तर आईनं हात मागे करून चष्मेवाल्यांची बाही धरली. मास्तरांना लागलं. लागायलाच हवं होतं. ते बाहेरच्या खुर्चीवर जाऊन बसले.

परिचारिकेनं कागद पुढे केला. “आत गेलेले पेशंटचे कोण?”

“मित्र.”

तिनं भुवई उंचावली. ती भुवई मास्तरांच्या चांगली ओळखीची होती; पंधरा दिवस ती त्यांच्याच कपाळावर होती. ते न चाचरता पुन्हा म्हणाले, “माझ्या आईचे मित्र. लिहा.”

तर मंडळी, म्हाताऱ्या माणसांना औषधं लागतात तसं बोलायला कुणीतरी लागतं, आणि ते कुणी बाई असो की पुरुष, त्यात चोरून बघण्यासारखं काही नसतं. आपल्या घरातलं माणूस कुणाबरोबर बसतं यावर डोळा ठेवण्याआधी, त्याला हल्ली दिसतं का, झोप लागते का, हसू येतं का, एवढं विचारा. आणि विचारायचं तर समोर जाऊन विचारा.